रतनवाडीत तीन रात्री: ठाण्यातल्या एका कुटुंबाच्या पायी सुट्टीचं प्रकरण

ठाण्यातल्या कुटुंबांना सह्याद्रीत चालण्याच्या सुट्ट्या आखून देण्याचं काम मी हौसेने करतो. त्यातलं हे एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील थोडे बदलले आहेत. डोंगर आणि वाटा आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर हे पाच जण राहतात. बाबा पंचेचाळिशीचे, ऐरोलीला आयटी कंपनीत. आई बँकेत. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. आजी सदुसष्ट वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू, पण रोज पहाटे उपवन तलावाला फेऱ्या मारणाऱ्या.

दर हिवाळ्यात त्यांची सुट्टी ठरलेली असे: कुठलंतरी रिसॉर्ट, भरपेट नाश्ता, पूल, जेवण, झोप. परत आल्यावर प्रत्येकाची कुरकुर वेगळी, पण सूर एकच, की बसून बसून कंटाळा आला. या वेळी आईने जाहीर केलं, "यंदा चालायला जायचं. खोलीत बसायचं असेल तर ते घरीच बसू." बाबांनी लगेच उचल खाल्ली. कॉलेजात असताना त्यांनी रतनगड ते हरिश्चंद्रगड हा कात्राबाईच्या खिंडीतून जाणारा रेंज ट्रेक केला होता. पाठीवर सॅक, रात्री गुहेत नाहीतर देवळात मुक्काम. तोच पोरांना दाखवायचा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

अडचण

माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "आजी हे करू शकतील का?" घरातली सगळी चर्चा याच प्रश्नाभोवती घुटमळत होती. आजींना पुण्याला मामांकडे ठेवायचं, की ट्रेक सोपा करायचा?

मी आधी त्यांना येऊरला नेलं. वन खात्याच्या फाटकापासून पाटोणापाड्यापर्यंत आणि परत, रविवारी सकाळी, सगळ्यांनी, घाई न करता. आजी पुढे निघून गेल्या आणि वाटेत थांबून आमची वाट बघत होत्या. मुलीला हा रस्ता म्हणजे काहीच नव्हतं. मुलगा पहिल्या अर्ध्या तासात तीनदा "अजून किती?" म्हणाला. तो थकला नव्हता, त्याला करायला काही नव्हतं. बाबा चढताना ठीक होते, पण परतीच्या उतारावर त्यांची पावलं आखूड व्हायला लागली. विचारल्यावर कळलं की क्रिकेट खेळताना उजवा गुडघा दुखावला होता आणि सोसायटीचे जिने उतरताना तो आजही बोलतो. लिफ्ट असल्यामुळे ही गोष्ट घरात कुणाला ठाऊकच नव्हती.

म्हणजे घरातल्या चर्चेचा रोख चुकीच्या माणसावर होता. चढ दमवतो, पण गुडघ्यावर खरा भार उतारावर येतो, कारण शरीराचं वजन मांडीच्या स्नायूंनी प्रत्येक पावलाला आवरून धरायचं असतं. वयापेक्षा सवय मोठी ठरते. आजींचे पाय रोजच्या फेऱ्यांनी तयार होते, फक्त शिड्या आणि कातळ यांची सवय नव्हती. बाबांचे पाय दिवसभर टेबलाखाली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाबांचा रेंज ट्रेक. तो आईनेच दोन मिनिटांत बाद केला. या वाटेवर रोज मुक्काम हलतो. एकाचा पाय मुरगळला तर पाचही जणांना पुढे जावं लागतं नाहीतर सगळ्यांनाच मागे फिरावं लागतं.

दुसरा मुलीचा: उत्तराखंडातला केदारकंठा. रील्समध्ये बर्फ, तंबू, सूर्योदय. उंची सुमारे ३८०० मीटर, सांकरी गावातून सुरुवात, हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली. ठाण्याहून डेहराडून आणि पुढे सांकरीपर्यंत जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस जातात आणि विरळ हवेची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो तो वेगळाच. सुट्टी होती चार दिवसांची. मुलीला नकाराचं कारण आकडे मांडून सांगितलं, "तू लहान आहेस" असं म्हटलं नाही. तिने ते मान्य केलं, रुसून का होईना.

तिसरा माथेरान. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्या नाहीत, तांबड्या मातीच्या सावलीतल्या वाटा, सुमारे ८०० मीटर उंची, १९०७ सालापासूनची नेरळची छोटी गाडी. पायी सुट्टीसाठी ठाणेकरांना याहून सोयीची जागा नाही, आणि लोक माथेरानला उगाच नाक मुरडतात असं माझं मत आहे. पण आजी तिथे अनेकदा जाऊन आल्या होत्या आणि त्यांनाच ते नको होतं.

उरला भंडारदऱ्याचा परिसर. तिथेही दोन फाटे होते. शेंडी गावात धरणाजवळ हॉटेलात राहायचं, की तलावाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडीत एखाद्या घरी? शेंडीत सोयी जास्त, पण प्रत्येक वाटेसाठी आधी गाडीत बसायचं. रतनवाडीत उंबरठा ओलांडला की वाट सुरू. माझा आग्रह रतनवाडीचा होता. मुक्काम एकच ठेवला आणि रोज तिथून निघून तिथेच परत आलं की कुणालाही कुठल्याही दिवशी "आज मी नाही" म्हणता येतं आणि बाकीच्यांची सुट्टी मोडत नाही.

तारखांचा निर्णय

शाळेला सुट्टी नाताळात. पण नाताळ ते एकतीस डिसेंबर या दिवसांत भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची आणि स्पीकरची जत्रा असते. शेवटी जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, रविवार ते बुधवार असं ठरलं. मुलांची तीन दिवस शाळा बुडणार होती. आईला हे पटायला वेळ लागला. तिने दोन्ही वर्गशिक्षिकांना आधी चिठ्ठी देऊन विचारलं, परीक्षा नाही याची खात्री केली आणि मग होकार दिला. रविवारी निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे आपण जात असतो तेव्हा गर्दी परतत असते.

थंडी हीच तेव्हाची खरी गोष्ट. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, शिवाय रतनवाडी डोंगरांच्या कुशीत, पाण्याच्या काठावर. ठाण्यात पंखा चालू असतो त्या रात्री तिथे दोन गोधड्या लागतात. दिवसही लहान: सूर्य सातनंतर उगवतो, साडेसहाच्या आत मावळतो आणि दरीत सावली त्याच्या खूप आधी येते.

तयारी

सहा-सात आठवडे हातात होते. बाबांना मी एकच व्यायाम दिला: वर जाताना लिफ्ट, खाली येताना जिना. आधी पाच मजले, मग आठ, मग सगळे अठरा. वॉचमनला वाटलं लिफ्ट बिघडली. उताराची सवय उतरूनच होते, चढून होत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना गुडघा दाखवला. त्यांनी नी-कॅप आणि दोन्ही हातांत काठ्या सुचवल्या. आजींनीही आपल्या डॉक्टरांना गोळीबद्दल विचारून घेतलं.

मुलाला काम दिलं. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि अधिकार: दर चाळीस मिनिटांनी तो शिट्टी मारेल तेव्हा सगळ्यांनी थांबायचं आणि पाणी प्यायचं. बाबांनीसुद्धा. येऊरच्या दुसऱ्या फेरीत त्याने एकदाही "अजून किती?" विचारलं नाही, उलट आजीला "तू कमी प्यायलीस" म्हणून ओरडला.

वेळेचा हिशोब नेस्मिथच्या जुन्या नियमाने केला. स्कॉटलंडच्या या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा आडाखा सोपा आहे: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वेगळा एक तास. तो धडधाकट माणसांसाठी आहे. कुटुंबासाठी मी त्याची दीडपट धरतो आणि थांबे वेगळे मोजतो. रतनगड १२९७ मीटर, रतनवाडीपासून सुमारे साडेपाचशे मीटर चढ. नियमाने दोन तास, दीडपटीने तीन, थांबे धरून साडेतीन-चार. उतरायला तेवढेच धरायचे. सकाळी सातला निघालं तर उजेडात परत यायला बारा-साडेबाराला माघार हवी. ती वेळ कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवली.

एका मोठ्या चढाईसाठी कळसूबाई की रतनगड, हा वाद मुलीने घातला. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, शाळेत सांगायला नाव मोठं. पण बारी गावातून निघालं की चढ आठशे मीटरहून जास्त, बराचसा उघड्यावर, आणि त्यात मधेच थांबणाऱ्याला सोयीची जागा कमी. रतनगडाची वाट प्रवरेचा ओढा ओलांडत दाट जंगलातून जाते आणि लोखंडी शिड्यांच्या पायथ्याशी एक नैसर्गिक थांबा येतो. तिथून परत फिरलं तरी जंगलातला अख्खा दिवस पदरात पडलेला असतो. मला तेच हवं होतं. मुलीला सांगितलं, गडावर नेढं आहे, डोंगराला आरपार भोक, त्यात बसून वारा खाता येतो. मग ती वळली.

प्रत्यक्ष प्रवास

गाडी घरी ठेवली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून इगतपुरीपर्यंत गाडीने पोचणं सोपं झालंय, हे खरं. पण चालून दुखावलेल्या गुडघ्याने बुधवारी संध्याकाळी ब्रेक दाबत ठाण्यात शिरायचं, हे बाबांना नको वाटलं. सकाळच्या कसारा लोकलला ठाण्याहून बसायला जागा मिळाली, आजींना खिडकी मिळाली. कसाऱ्याला घरमालकांनी जीप पाठवली होती. घाट चढून घोटी, तिथून बारीवरून शेंडी आणि तलावाला वळसा घालून रतनवाडी.

पहिल्या दिवशी फक्त अमृतेश्वराचं देऊळ आणि तलावाचा काठ. देवळाच्या कोरीव खांबांपाशी आजी बराच वेळ रेंगाळल्या. रात्री नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. आजींनी घरातल्या काकूंना पिठात पाणी किती गरम घालता म्हणून विचारलं आणि चुलीपुढे बसून दोन भाकऱ्या स्वतः थापल्या. मुलगा गोधडीत शिरला तो सकाळपर्यंत.

सोमवारी साम्रदची सांधण दरी. दोन कातळभिंतींमधली अरुंद घळ, ऊन जेमतेम तळाला पोचतं. पूर्ण खाली उतरायला दोर लागतात. आपण डोहांच्या पलीकडे थोडं जाऊन परत फिरायचं एवढंच ठरलं होतं. जानेवारीतही डोहात पाणी होतं, मुलाच्या कमरेच्या वर. गावातल्या वाटाड्याने त्याला खांद्यावर घेतलं. मुलीने बूट काढायचा कंटाळा केला आणि बुटांसकट पाण्यात उतरली. सगळे हसले. त्या वेळी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

रात्री बूट ओलेच. गारठ्यात ते वाळेनात म्हणून बाबांनी ते चुलीच्या कडेला ठेवले. सकाळी पाहतात तर डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला, चपटा ओठ उघडावा तसा. आचेने चिकटवणीचा डिंक मऊ झाला होता. वाटाड्याने सुतळीचे दोन वेढे घालून तो आवळला आणि म्हणाला, "ताई, आज धावायचं नाही." मंगळवारी रतनगडावर निघाले ते अशा बुटांनी.

शिडीपाशी

जंगलातला टप्पा हिशोबाप्रमाणे झाला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिडीचा पायथा. आठवड्यातला मधला दिवस असल्यामुळे गर्दी नसेल असं गृहीत होतं, पण हिवाळा हा सहलींचाही हंगाम. नाशिककडच्या एका कॉलेजची पन्नासेक पोरं शिडीवर, शिडीखाली, शिडीच्या बाजूला. एक चढतोय, दुसरा फोटो काढतोय, तिसऱ्याची चप्पल निसटली.

आजींनी शिडीच्या गजाला हात लावून पाहिला. गार, वापराने गुळगुळीत झालेला. मग त्यांनी वर बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "चढेन गं मी. पण उतरताना माझ्यामागे ही सगळी पोरं खोळंबतील आणि मला घाई करावी लागेल. घाईत मी नाही उतरणार. तुम्ही या जाऊन."

निर्णय सोपा वाटतो, पण नव्हता. वाटाड्या एकच होता. तो वर गेला तर खाली थांबणाऱ्यांकडे वाट जाणणारं कुणी नाही. तो खाली थांबला तर शिडीवर दोन मुलं आणि एकटी आई. बाबांनी वर जायचा मोह धरला असता तर आजी एकट्या पडल्या असत्या. शेवटी बाबा म्हणाले, "मी आईपाशी थांबतो." गुडघा त्यांना पायथ्यापर्यंतच्या चढातच सांगत होता की परतीचा उतार शिल्लक आहे. वाटाड्या आई आणि मुलांबरोबर वर गेला. ठरलं असं, की साडेबाराला मुलाची शिट्टी वाजेल तेव्हा ते जिथे असतील तिथून मागे फिरतील, आणि खालच्यांनी जागा सोडायची नाही.

वरच्या तिघांना नेढ्यापर्यंत जाता आलं. रांगेमुळे शिडीवरच अर्धा तास गेला आणि मुलाने नेढ्यात पाय ठेवून पाच मिनिटंही झाली नसतील तोच स्वतःच शिट्टी मारली. मुलीने आणखी दहा मिनिटं मागितली. मुलाने कागद दाखवला. आईने मुलाची बाजू घेतली. मुलगी फणफणत निघाली, पण निघाली.

खाली बाबा आणि आजी कारवीच्या झुडपांजवळ बसून होते. आजींनी पर्समधून अत्तराचा फाया काढला तेव्हा कॉलेजच्या एका गाइडने धावत येऊन तो लांब ठेवायला सांगितला. कड्याला आग्या मोहोळं होती. वास आणि धूर या दोन गोष्टींनी ती उठतात, आणि उठली तर पळायला जागा नसते. ही सूचना मी दिली होती ती डिओबद्दल. अत्तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उतरताना मुलीच्या टाचेला ओल्या बुटाने फोड आला. टेप लावून भागलं. बाबा दोन काठ्या टेकत तिरपे उतरले, सर्वात शेवटी. साडेचारला सगळे घरी.

त्या रात्री एक छोटी गडबड झाली. रोज संध्याकाळी सातला ठाण्यात मावशीला फोन करायचा असं ठरलं होतं. रतनवाडीत नेटवर्क येतं-जातं, त्या दिवशी गेलं ते आलंच नाही. मावशीकडे सूचना लिहून दिलेली होती: नऊपर्यंत फोन आला नाही तर घरमालकांच्या शेंडीत राहणाऱ्या भावाला विचारायचं. तिने विचारलं. त्या भावाने रतनवाडीकडे निघालेल्या दूधवाल्याकडून निरोप मागवला आणि सव्वादहाला मावशीला "सगळे जेवून झोपले" असा उलट फोन गेला. ती त्या रात्री ठाण्यात नीट झोपली ती एवढ्यामुळेच.

बुधवारी घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत जीपने आणि पुढे थोडं पायी. मुलीचा फोड आणि बाबांचा गुडघा पाहता यापेक्षा जास्त कुणालाच नको होतं. दुपारी कसारा, संध्याकाळी ठाणे.

काय साधलं

पाचही जण चार दिवस रोज चालले, कुणी एक दिवससुद्धा खोलीत बसून राहिलं नाही. मला विचाराल तर एवढंच यश पुरे. मुलगी म्हणते की पुढच्या वेळी कळसूबाई, आणि या वेळी ती स्वतः जिने उतरायला लागली आहे. बाबांचा गुडघा आठवडाभर दुखला, मग राहिला.

वेगळं काय करता येईल

वाटाडे दोन घ्यायला हवे होते. एकाचे पैसे वाचले खरे, पण त्या बचतीमुळे शिडीपाशी घरातल्या एका माणसाचं चढणं आधीच ठरून गेलं. वृद्ध आणि लहान मुलं एकाच गटात असतील तर गट फुटणार हे धरूनच आखणी करायची आणि दोन्ही तुकड्यांबरोबर गावातला एकेक माणूस द्यायचा. गावातल्या दोन घरांना रोजगार मिळतो, हा वेगळा फायदा.

सांधण आणि रतनगड यांचा क्रम उलटा हवा होता. पाण्याची वाट शेवटी ठेवायची म्हणजे ओले बूट पिशवीत जातात, पायात नाही. क्रम बदलता येत नसेल तर पाण्यासाठी जुने फ्लोटर वेगळे न्यायचे. बूट ओले झालेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दर दोन तासांनी बदलून, चुलीपासून लांब ठेवायचे.

मुलगा आणि मुलगी यांच्यात शिट्टीवरून जी ठिणगी पडली ती टाळता आली असती, असं आईला वाटतं. मला तसं वाटत नाही. वेळेचा अधिकार घरातल्या सर्वात लहानाकडे असणं चांगलं. मोठा माणूस दहा मिनिटं सहज वाढवून देतो. आईने मात्र पुढच्या वेळी मुलीलाही काही जबाबदारी द्यावी. नकाशा तिच्या हातात असता तर ती माघारीच्या वेळेशी भांडली नसती, तिनेच ती ठरवली असती.

आणि चौथ्या दिवशी परत येण्याऐवजी तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, चौथ्या दिवशी रतनगड, पाचव्या दिवशी परत, असं केलं असतं तर बाबांना शिडी मिळाली असती का? कदाचित. पण मग शाळा चार दिवस बुडली असती, आणि ते आईला कबूल नव्हतं.